फ्लॉपीतलं कुंकू

फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवली आणि मी थिजलो. आतल्या काळ्या तबकडीवर ओल्या हळदीकुंकवाचं बोट उमटलं होतं.

“हे कोणी केलं?” माझा आवाज चढला.

“मीच. दसऱ्याला पूजा केली,” समोर बसलेल्या बच्छाव बाई म्हणाल्या. सटाण्याकडच्या शाळेत त्या शिक्षिका होत्या. “गाणी आत आहेत ना? मग नुसत्या प्लास्टिकला कुंकू लावून काय उपयोग?”

नाशिकमधल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी सर्व्हिस इंजिनिअर होतो. दसऱ्यानंतर कीबोर्डमध्ये अक्षता आणि फॅनमध्ये झेंडूच्या पाकळ्या नेहमीच सापडायच्या. पण थेट गाभाऱ्यात शिरून केलेली पूजा मी पहिल्यांदाच पाहत होतो.

फ्लॉपीत बाईंच्या यजमानांनी कॉम्प्युटरवर बांधलेल्या चाली होत्या. ते वारले होते. मुलीच्या सप्तपदीला वाजवायची म्हणून एक चाल त्यांनी आधीच करून ठेवली होती, आणि लग्न आठवड्यावर आलं होतं.

“जुन्या मशीनमध्ये असतील की चाली,” मी दुकानाच्या शेठना म्हणालो. बाईंनी दसऱ्याच्या ऑफरमध्ये जुना कॉम्प्युटर आम्हाला देऊन नवा नेला होता.

“फॉरमॅट मारून विंडोज टाकलं,” शेठ म्हणाले. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसून कोरी करणं. “पेठ गावच्या कॉम्प्युटर क्लासवाल्याला द्यायचंय ते.”

फ्लॉपीचं कवच उकललं, तबकडी काढली, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने धुतली, वाळवली आणि दुसऱ्या फ्लॉपीच्या कवचात बसवली. ड्राइव्ह बराच वेळ करकरला. बहुतेक फाइली गेल्याच होत्या. सप्तपदीची तेवढी उघडली.

दुकानातल्या नव्या मशीनवर ती लावली. सनई, व्हायोलिन, सगळं झकास. मी मोठ्या ऐटीत बाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“हाऊ त्यासना आवाज नही शे,” त्या घरच्या अहिराणीत पुटपुटल्या. मग मला म्हणाल्या, “हा त्यांचा आवाज नाही. तुम्ही दुसरंच काहीतरी लावलंय.”

एवढं करून वर हे ऐकायचं? मला रागच आला. मग डोक्यात प्रकाश पडला. ती मिडी फाइल होती. मिडीत आवाज नसतोच. कोणता सूर, कोणतं वाद्य, किती वेळ, एवढंच लिहिलेलं असतं. वाजवतं ते मशीनमधलं साउंड कार्ड. यजमानांनी चाल जुळवली होती ती जुन्या कार्डावर. ते काढून नव्या मशीनमध्ये बसवावं, तर त्यात तसला स्लॉटच नव्हता.

शेवटी मी जुना कॉम्प्युटरच आतून उचलून आणला आणि त्यात फ्लॉपी घातली. डब्यात माशी कोंडल्यासारखी सनई वाजू लागली. बाईंनी पदर तोंडाला लावला. माझ्याही अंगावर काटा आला. कॉलेजात असताना गेममधले राक्षस मी याच किरकिऱ्या आवाजात मारले होते.

“पेठवाल्याला दुसरं मशीन देऊ,” शेठ म्हणाले आणि खाकरत बाहेर गेले.

मुलगी सप्तपदी त्याच आवाजावर चालली. माझ्यापुरता धडा एवढाच, की नुसती कॉपी काढून भागत नाही. ती वाजणार कशावर, तेही आधी विचारायचं.

पुढच्या दसऱ्याला सकाळीच बाईंचा फोन आला. “जुन्या मशीनची पूजा करतेय. कुंकू कुठं लावू?”

“मॉनिटरच्या डोक्यावर,” मी म्हणालो. “आणि कोरडं.”