सोयाबीनच्या रानात पोलो

"दिवाळीचा फराळ नाही केला तरी चालंल, पण तू ये. पोलो ठेवलाय," असा बाबूमामांचा फोन आला. शेजारी बसलेला नवरा म्हणाला, "जालन्यात पोलो? मोसंबी ऐकली होती, बियाणं ऐकलं होतं, हे काय नवीन?" म्हटलं, माझं आजोळ आहे ते, नावं ठेवायची नाहीत!

बाबूमामा घोडदळात सवार होते. उभी नोकरी खोगिरात गेली आणि सुट्टीचे दिवस पोलोच्या मैदानावर. निवृत्तीनंतर त्यांनी माळेगावच्या जत्रेतून चांदणी नावाची घोडी आणली. आता गुडघे गेले, डॉक्टरांनी घोड्यावर बसायची बंदी घातली. "शेवटचं एकदा खेळून घेतो," मामा म्हणाले. "आप्पानं मला खेळताना कधी बघितलंच न्हाई गं." आप्पा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. मामा देशभर फिरत असताना दोघांचं रान आप्पांनीच कसलं. सोयाबीन निघालं की हरभरा पेरेपर्यंत रान थोडे दिवस मोकळं राहतं. तेवढ्यापुरतं ते खेळायला द्यायला आप्पा तयार झाले, पण बघायला येणार नाही म्हणाले. हे ऐकलं आणि मी तिकीट काढलं. आप्पांना हाताला धरून नेणारं कुणीतरी हवंच होतं की!

पुण्याहून रात्रीची गाडी पकडली की सकाळी जालना. स्टेशनवरून रिक्षानं मस्तगडला गेले, गरम पोहे आणि दोन चहा झाले. तिथे मामांनी सांगून ठेवलेले रशीदभाई भेटले. वरातीसाठी घोड्या देणं हा त्यांचा पिढीजात धंदा. टेम्पोत तीन पांढऱ्या घोड्या, आणि मला पुढची सीट.

"पोलो येतो का यांना?" मी विचारलं.

"मॅडम, यांना फक्त शादी येते," रशीदभाई शांतपणे म्हणाले. "पण बाबूभाईचा शब्द हाय, बिलकुल टाळता येत न्हाई."

भोकरदन रस्ता आता बराच चांगला झालाय. राजूरला थांबा आणि गणपतीचं दर्शन घ्याच, पण चतुर्थीला जाऊ नका, रांगेत पाय दुखतील. मी हात जोडून येईपर्यंत घोड्यांना पाणी पाजून झालं होतं. राजूरच्या पुढे जाफराबादच्या अंगाला वळलं की रस्ता अरुंद होतो, दोन्हीकडे फुटलेला कापूस, आणि खच्चून भरलेल्या जीपगाड्या. तुम्ही येणार असाल तर एसटीनं या. आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, खर्च फारसा होत नाही.

दुपारी मामांच्या घरी भाकरी, बेसन आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. मी जेवता जेवता विषय काढला.

"आप्पा, चला ना बघायला."

"मला काय कामं न्हाईत का? म्हातारा माणूस काठीनं चेंडू हाणतोय, त्यात काय बघायचं?" मग भाकरी मोडत हळूच, "पोलो पोलो करून राह्यला हा. त्याचा अर्थ काय असतो तरी?"

मामांनी मला लहानपणीच सांगितलं होतं. पार वर, हिमालयापलीकडच्या बाल्टी लोकांच्या बोलीत 'पुलु' म्हणजे चेंडू. त्याच शब्दाचा साहेबांनी पोलो केला. मी कोनाड्यातला मामांचा जुना, बांबूच्या मुळाचा चेंडू आणून आप्पांच्या हातावर ठेवला.

"चेंडू? एवढंच?" आप्पांनी तो फिरवून बघितला. "एवढ्यासाठी ह्यो घर सोडून गेल्ता?"

मला असा राग आला! म्हटलं, मग बसा घरात. मी निघाले. हाताला धरून नेण्याचा बेत तिथेच बारगळला.

रानात पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या, पेंढ्या उभ्या करून गोलचे खांब केले होते. खरं तर एकेका बाजूला चार खेळाडू लागतात, इथे दोन-दोन. मामा आणि त्यांचा पलटणीतला दोस्त एका बाजूला, रशीदभाई आणि त्यांचा भाऊ दुसऱ्या. मामांना दोघांनी धरून खोगिरात बसवलं, पण बसल्यावर? अहो, पाठ ताठ, मिशी वर, माणूसच बदलला!

पहिलाच फटका सणसणीत गेला आणि हौशी गावकऱ्यांनी कौतुकानं हलगी वाजवायला घेतली. झालं! वरातीच्या तिन्ही घोड्या जागच्या जागी नाचायला लागल्या. चेंडू एकीकडे, काठ्या एकीकडे, आणि चांदणी एकटीच रानभर पळतेय.

"बंद करो रे! त्यांना वाटतंय नवरदेव बसलाय!" रशीदभाई ओरडले. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं.

मध्यंतर झालं. मामांनी माइक घेतला. "मंडळी, पोलोची एक रीत हाय. मध्यंतरात बघणाऱ्यांनी मैदानात यायचं अन् खुरांनी उखडलेली माती पायानं दाबून बसवायची. तर समद्यांनी या." लोक हसत हसत रानात उतरले आणि दाबायला लागले.

"आरं दाबू नका! दाबलं तर हरभरा कसा उगवंल? फोडा ती ढेकळं, फोडा!"

बांधावरच्या बाभळीमागून आप्पा तरातरा येत होते. धोतर खोचलेलं, पायात काही नाही. त्यांनी टाचेनं ढेकूळ फोडून दाखवलं आणि अख्ख्या गावाला कामाला लावलं. मीसुद्धा चपला काढल्या.

मामा घोडीवरून बघतच राहिले. "आप्पा, कवा आलास?"

"हलगी वाजायच्या आधी आल्तो," आप्पा खाली बघत म्हणाले. "पहिला टोला बराबर बसला तुझा. आता खेळ. त्या कोपऱ्यात नको नेऊ घोडी, वल हाय तिथं."

मामांनी बाहीनं डोळे पुसले. दुसऱ्या डावात त्यांनी पेंढ्यांसमोरून असा गोल मारला की बांधावरची म्हातारी माणसं उभी राहिली. सगळ्यात मोठ्यानं आप्पा ओरडले. खेळ संपल्यावर घोडीवरून उतरवायला खांद्याचा आधारही त्यांनीच दिला. मामांचे गुडघे वाकत नव्हते, तर हे बोलतात कसे, "एवढं मोठं पोरगं, उतरता येईना व्हय रं?"

पुण्याला परत येऊन महिना झाला. फोटो कुठल्या फोल्डरमध्ये गेले देव जाणे, बरोबर दिलेली ठेच्याची बाटली संपली. परवा आप्पांना फोन केला. हरभरा कसा आहे, विचारलं.

"झ्याक उगवलाय. गोलापुढं तेवढं न्हाई उगवला. घोड्यांनी पार तुडवलं ना तिथं."

न उगवलेल्या जागी शेतकरी पुन्हा बी टोचतात, आणि आप्पा तर वीतभर जागा मोकळी सोडणारे नव्हेत. म्हणून विचारलं, "मग तिथे परत बी टोचलं का?"

"न्हाई टोचलं," आप्पा म्हणाले. "राहू दे तेवढं. बाबूनं तिथून गोल मारला ना."