रोज एकच वर्तमानपत्र

अबुधाबीच्या तेल कॅम्पात मी टपाल आणि स्टोअर सांभाळायचो तेव्हाची गोष्ट. साठीचं दशक, पत्र्याच्या खोल्या आणि चहूकडे वाळू. आमचा फोरमन अमेरिकन होता, वयाने माझ्या बापाएवढा, आणि बेसबॉलचं त्याला वेड होतं. मी रत्नागिरीचा, क्रिकेटवाला. मी त्याला चिडवायचो, "साहेब, हा तर आमचा विटीदांडू. नुसतं नाव मोठं!" तो हसायचा आणि पुन्हा समजावायला बसायचा.

त्याची बहीण तिकडून वर्तमानपत्रं बोटीने पाठवायची. महिनाभराचा गठ्ठा एकदम यायचा, तोही शिळा. साहेबाने मला सक्त ताकीद दिली होती: गठ्ठा तारखेप्रमाणे लावायचा, कपाटात कुलूपबंद ठेवायचा आणि त्याला रोज एकच अंक द्यायचा. त्याने हातापाया पडून मागितला तरी दुसरा द्यायचा नाही. रेडिओवर खेळाच्या बातम्या लागल्या की तो उठून बाहेर जायचा. अमेरिकेतला मोसम आमच्या वाळूत महिना-दीड महिना उशिरा चालायचा.

संध्याकाळी ड्यूटी संपली की तो ओट्यावर अंक उघडायचा. पानावर आकड्यांचा एक बारीक तक्ता असायचा. मला त्यात आकडेच दिसायचे, त्याला माणसं दिसायची. मग तो मेसमधला कांदा हातात घेऊन उभा राहायचा आणि चेंडू कसा वळला ते दाखवायचा. "या खेळाला घड्याळ नाही," तो म्हणायचा. "शेवटचा गडी बाद होईपर्यंत काहीही होऊ शकतं." त्याच्या शहराचा संघ वर्षानुवर्षं हरत आला होता. पण त्या वर्षी तो संघ अंतिम फेरीत पोचला. सात सामन्यांतले चार जिंकायचे होते. साहेबाची झोप उडाली.

त्या सामन्यांचा गठ्ठा आला. मी तारखा लावत होतो आणि शेवटच्या अंकाच्या मथळ्यावर माझी नजर गेली. त्याचा संघ जिंकला होता! मला राहवलं नाही. आमच्या कोकणात आनंदाची बातमी दडवून ठेवणं पाप, आणि ती कोरड्या तोंडाने सांगणं त्याहून मोठं पाप. दुबईच्या बाजारातून आणलेला हलवा ट्रंकेत होता. तो ताटलीत घातला आणि धावत गेलो.

"साहेब, तोंड गोड करा! तुमची माणसं जिंकली!"

त्याचा चेहरा एकदम उतरला. त्याने हलव्याचा एक तुकडा उचलला, "थँक यू" म्हणाला आणि आत गेला. मी ताटली घेऊन उभाच राहिलो.

मेसचा खानसामा आमच्याच बाजूचा, रायगडचा. त्याने डोक्याला हात लावला. "अरे भाई, ये क्या किया? साऱ्या कॅम्पला रेडिओवरनं कधीचं मालूम होतं. महिनाभर सगळ्यांनी तोंड बंद ठेवलं, आणि तू हलवा घेऊन गेलास? खलास!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्याने जन्मभर ज्याची वाट पाहिली, ते मी एका वाक्यात संपवलं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी त्यानेच हाक मारली. "कोण जिंकलं ते तू सांगितलंस. कसं जिंकलं ते अजून कुठे सांगितलंस? पहिला अंक आण." मग रोज एक, असे ते सगळे अंक आम्ही दोघांनी वाचले. सातव्या सामन्याचा तक्ता तो बोट ठेवून वाचत होता आणि मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होतो. निकाल मीच सांगितलेला, तरी शेवटचा गडी बाद झाला तेव्हा मी ओरडलो. त्या दिवसापासून मी विटीदांडूची थट्टा सोडून दिली.

मधे मी रजेवर घरी जाऊन आलो. पुढच्या वर्षी घरून तार आली: मुलगी झाली, दोघी खुशाल. कॅम्पात हलवा वाटला. आठवड्याने बोटीच्या टपालाने बायकोची तीन पत्रं एकदम आली, सगळी बाळंतपणाआधीची. मी तिन्ही फोडायला निघालो, तर साहेबाने हात धरला. शिक्के बघून त्याने पत्रं ओळीने लावली आणि दोन आपल्या खणात ठेवली. "रोज एक," तो म्हणाला.

दुसऱ्या पत्रात तिने लिहिलं होतं, पाय सुजलेत, सुईण काही धड बोलत नाही, तुम्ही काळजी करू नका. मी मोडक्या इंग्रजीत सांगत होतो. साहेब पुढे सरकला. "मग?"

"उद्या," मी म्हणालो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी मी उरलेला हलवा घेऊन गेलो आणि शेवटचं पत्र उघडलं. मुलगी सुखरूप आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी पत्र संपेपर्यंत साहेबाने तुकडा हातातच धरून ठेवला, तोंडात घातला नाही.