तुपाची पोळी आणि पिवळी खिचडी

पिंपळगाव राजा या गावाच्या बाजूला आमची शाळा. दुपारची खिचडी सगळ्यांसाठीच शिजायची, पण कोण काय खातं यावरून घराची परीक्षा व्हायचीच. ज्यांची विहिरीची शेती, त्यांच्या पोरी घरून डबा आणायच्या. आम्ही बाकीचे खिचडीच्या रांगेत.

माझी मैत्रीण डबेवाली. घरी ट्रॅक्टर, डब्यात तूप लावलेली पोळी, आणि जीव सगळा खिचडीत! पण शाळेचं खाल्लं तर लोक काय म्हणतील, अशी तिच्या आजोबांची सक्त ताकीद. मग काय, निंबाच्या झाडामागं आमची रोज अदलाबदल. ती माझी ताटली चाटूनपुसून पुन्हा रांगेत जायची, इतकी निर्लज्ज. मी तुपाची बोटं चाटत ऐटीत बसायची. दोघींचीही नुसती चंगळ.

एक दिवस खामगावचे एक व्यापारी गरीब मुलांना दप्तरं वाटायला आले, तेही नेमके जेवणाच्या वेळी. मला दप्तर हवंच होतं. माझं होतं खताच्या गोणीचं, पुस्तकांनाही युरियाचा वास यायचा. गुरुजी चहा सांगायला गेलेले. पाहुण्यांनी सोपा हिशेब केला: खिचडी खातो तो गरीब.

निंबामागं आमची मैत्रीण ताटलीत तोंड घालून बसलेली.

"अरेरे, लेकराले घरी भेटत नसंल," म्हणत त्यांनी ट्रॅक्टरवालीच्याच गळ्यात दप्तर अडकवलं. मग माझ्या हातातल्या डब्यात डोकावले. "वा! खात्यापित्या घरची दिसते," म्हणाले आणि पुढं गेले.

मला रडू आलं. पण तिच्या हनुवटीला हळद, गळ्यात दप्तर, हे ध्यान पाहून हसूच फुटलं.

शाळा सुटल्यावर तिनं ते माझ्या अंगावर टाकलं. "तूच ने वं माय. घरी नेलं त आजा मले सोलून काढीन!"

मी उड्या मारत घरी. आई नुकतीच कापूस वेचून आली होती. माझा गणवेश रोज अंथरुणाखाली दाबून कडक घडी करणारी, घरातलं बाहेर कळू नये म्हणून जपणारी माझी आई.

"काऊन देलं वं हे?"

"गरिबायच्या पोरायले देऊन राह्यले होते."

तिचा चेहरा पडला. "त्याईले कसं समजलं?"

"नाई समजलं वं आई!" मी तिच्या गळ्यातच पडले. "त्याईले मी खात्यापित्या घरची वाटली!"

मग कुठं तिनं दप्तर हातात घेतलं.