साडूंची निरगाठ

आमच्या साडूंनी मारलेली गाठ आजवर कुणालाही सुटलेली नाही, खुद्द त्यांनाही नाही. टोक ओढलं की सुटते ती सुरगाठ आणि नखं तुटली तरी सुटत नाही ती निरगाठ, एवढं तर आपण सगळेच लहानपणी शिकतो. साडूंना यातली पहिली जात मुळातच मंजूर नाही. "सुटायचीच असंल तर बांधायची कशाला?" असा त्यांचा रोकडा सवाल असतो. मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत फिटर म्हणून त्यांची उभी हयात गेली. तिथं नळ गळू द्यायचा नाही हे काम होतं, ते करता करता माणसाच्या स्वभावालाच आटे पडले असावेत. भाजीची पिशवी असो, स्कूटरमागची पेटी असो, सासुरवाडीहून आलेला फणस असो, साडू बांधतात ते जन्माचं. पायजम्याच्या नाडीचा एक प्रसंग घडल्यापासून ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, त्यांना इलॅस्टिकचेच पायजमे आणते. तपशील विचारू नका, मी त्या दिवशी पाहुणा म्हणून त्यांच्या घरी होतो आणि कात्री शोधायला ताईनं मलाच पळवलं होतं.

एकदा घरी सत्यनारायण होता. गुरुजींनी साडूंचं उपरणं आणि ताईच्या शालूचा पदर यांची गाठ बांधली. ती साडूंना ढिली वाटली. गुरुजी कथा सांगण्यात गुंगले होते, तेवढ्यात यांनी हळूच ती आवळून घेतली. पूजा संपली, आरती झाली, पंगत बसली, पण गाठ काही सुटेना. शेवटी ताई भात वाढायला पुढे आणि साडू वरणाची वाटी घेऊन तिच्या मागे, अशी त्यांनी अख्खी पंगत वाढली. उपरणं कापू म्हटलं तर साडू ऐकेनात. कारण दोरी असो, नाडी असो की उपरणं, कापायचं नाही हा त्यांचा धर्म. "कापणं म्हंजी हार मानणं," असं ते म्हणतात.

या धर्माचा फटका आमच्याही घराला बसलेला आहे. आम्ही कर्जतला नव्या घरी राहायला गेलो तेव्हा बायकोची, म्हणजे सुनीची, पितळी भांडी आणि पुरणयंत्र साडूंनी जुन्या चादरीत बांधून दिलं. ते बोचकं आजतागायत माळ्यावर आहे. बायकोनं कितीदा कात्री उचलली असेल, पण साडू आले की पहिली नजर माळ्यावर टाकतात. गाठ शाबूत दिसली की त्यांची कळी खुलते, मग चहा दोनदा घेतात. बायको कात्री परत ठेवते, मनातल्या मनात मला चार शिव्या घालते आणि होळीला पुरण वाटायला ताईकडे जाते. मेहुणे तिचे, शिव्या मला! असो.

रविवारी मात्र हा माणूस नदीचा. पाताळगंगेवर रस्त्याखाली एक मोरी आहे, पाणी पलीकडे जायला बांधलेली. तिच्या तोंडाशी यांची बैठक. काठी नाही, रीळ नाही. दोरीला गळ, आणि दोरीचं दुसरं टोक मनगटाला एक वेढा घालून अंगठ्याला निरगाठीनं बांधलेलं. मग टोपी तोंडावर घेऊन साडू खुशाल झोपतात. "मासा लागला की अंगठ्याला कळतं. अंगठा मला उठवतो," हे त्यांचं शास्त्र. मासे धरणारी माणसं हातभर मासा वावभर करून सांगतात, हे मात्र वावभर मासा वीतभर करून सांगतात. खरं सांगितलं तर उद्या सगळं खालापूर आपल्या मोरीवर येऊन बसेल, ही भीती! एवढी मोठी मरळ घेऊन आले तरी "होतं एक पिल्लू" यापलीकडे अक्षर नाही.

अशा माणसाला समुद्रावर न्यायची कल्पना लोधिवलीच्या बाळूची. बाळू टेंपो चालवतो आणि साडूंना गुरू मानतो. "दादा, गोडं पानी लय झालं, आता खाऱ्याचं बगू," असं म्हणत त्यानं रेवदंड्याकडच्या एका नाखवाची होडीही ठरवून टाकली. मला पोहता येत नाही. बादलीत पाणी जास्त दिसलं तरी मी कडेनं जातो. पण ताईनं मला बाजूला घेतलं. "भाऊजी, तुम्ही जा बरोबर. यांनी धरलं की हे सोडत नाहीत. तुम्ही यांना धरा," ती म्हणाली. बायकोच्या थोरल्या बहिणीला नाही म्हणण्याची कुणाची टाप आहे? गेलो.

सकाळी होडीत पाय ठेवला तेव्हाच नाखवानं बजावलं, "दोरी हाताला बांदू नुको रं. ह्यो दर्या हाय, तुमचा वढा नाय." साडू "बरं बरं" म्हणाले, माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला आणि नाखवाची पाठ वळताच मनगटाला वेढा घालून अंगठ्याला गाठ मारून मोकळे झाले. दोरीही नदीवरची नव्हे, कंपनीत माल बांधायची हिरवी नायलॉनची. समुद्रातल्या माशांना दात असतात म्हणून गळाजवळ त्यांनी तारही जोडून आणली होती. म्हणजे तिकडून मासा तोडू शकणार नाही आणि इकडून गाठ सुटणार नाही, असा चोख बंदोबस्त. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण होडी हलत होती आणि तोंड उघडलं तर सकाळचे पोहे बाहेर येतील अशी माझी अवस्था होती.

किनारा लांब राहिला. नाखवानं इंजिन बंद केलं. साडूंनी बांगड्याचा मोठा तुकडा गळाला लावून दोरी सोडली आणि टोपी तोंडावर ओढून घेतली. बाळू सुरीनं कलिंगड कापत होता. पाणी इतकं शांत होतं की मलासुद्धा जरा बरं वाटायला लागलं. मी फोड हातात घेतली, आणि समोर साडूंचा हात आपोआप वर उठला. वर्गात मुलानं बोट वर करावं तसा. साडू झोपलेलेच होते. मग तो हात आडवा झाला, होडीच्या काठाकडे सरकला आणि त्याच्यामागून सगळे साडू सरकले.

"लागला!" साडू जागे होत ओरडले. त्या आवाजात आनंदच होता. बाळूही "दादा, वडा! वडा!" करत उठला. पण वडायचं कुणी कुणाला? साडूंचा हात खांद्यापासून ताठ झाला होता आणि दोरी वीणेच्या तारेसारखी थरथरत होती. होडी एका अंगाला कलली. कलिंगडाच्या फोडी गडगडत माझ्या पायाशी आल्या. नाखवानं वाकून पाण्यात पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला.

"मोरी!" तो किंचाळला. "मोरी हाय! सोर, दोरी सोर!"

आता आमच्याकडे मोरी म्हणजे एक न्हाणीतली नाहीतर रस्त्याखालची. बाळू तोंड वासून म्हणाला, "समुद्रात मोरी कुनी बांधली?" आणि साडू, ज्यांचा निम्मा जन्म मोरीच्या तोंडाशी गेला, ते दातओठ खात म्हणतात कसे, "तरीच! गळ मोरीत अडकला वाटतं. जोर नका करू, हळू घेतो." एवढ्यात होडीपासून चार हातांवर पाणी फाटलं आणि करड्या रंगाचा एक तिकोनी पर वर आला. त्याच्याखाली लांबच लांब अंग वळलं, पांढरं पोट दिसलं, पुन्हा नाहीसं झालं. तेव्हा कुठं आमच्या डोक्यात उजेड पडला. दर्यावरची मोरी म्हणजे, ताटात आली की आम्ही जिला मुशी म्हणतो, ती ही शार्क. तुकडे करून, तिखटमीठ लावून नव्हे, अख्खी, जिवंत, आणि आमच्या साडूंना बांधलेली.

माझी पाचावर धारण बसली. मुशी सरळ खाली निघाली होती. साडू काठावर आडवे झाले, छाती बाहेर गेली, खांदा पाण्याला टेकला. मी काही विचार केला असं म्हणणार नाही. ताईनं धरायला सांगितलं होतं, मी धरलं. त्यांचे दोन्ही पाय मिठीत घेऊन मी फळीवर बसकण मारली. नाखवा इंजिन चालू करायला धावला, म्हणजे होडी मुशीमागं नेली तर दोरी ढिली पडेल. इंजिन नुसतं खोकलं. तो त्याला आईवरून काहीतरी बोलला आणि पुन्हा ओढू लागला.

"गाठ सोडा, भाऊ!" मी ओरडलो.

"सुटत नाय रं!" साडू म्हणाले. त्यांचा अंगठा जांभळा पडला होता, गाठ मांसात रुतली होती. त्यांनी दुसऱ्या हातानं ती चाचपली, नखं लावली, दात लावायचा प्रयत्न केला. आयुष्यभर जिचा अभिमान मिरवला ती गाठ ऐन वेळी त्यांचंही ऐकेना.

बाळूनं कलिंगडाची सुरी उचलली. साडूंनी ती पाहिली आणि एवढ्या ओढाताणीतही डरकाळी फोडली, "कापायची नाय! बाळ्या, हात लावलास तर याद राख!" आणि तो भक्त थांबला हो! सुरी हातात, डोळ्यांत पाणी आणि जागचा हलेना. गुरूची आज्ञा! मी त्याला शिव्या घातल्या, साडूंना घातल्या, ताईचं नाव घेतलं, पोरांच्या शपथा घातल्या. "हात जाईल, भाऊ! हात जाईल तुमचा!" "जाऊ दे," ते म्हणाले. मी खोटं सांगत नाही. हा माणूस "जाऊ दे" म्हणाला.

मुशीनं पुन्हा हिसका दिला. फळीवर कलिंगडाचं पाणी सांडलं होतं, त्यावरून मी घसरलो. साडूंचे पाय सोडले असते तर मी थांबलो असतो, पण हात सुटेनात. आम्ही दोघं एका गाठोड्यासारखे काठाकडे निघालो. माझी ढोपरं काठावर आपटली, डोकं बाहेर गेलं आणि खाली ते हिरवं, खोल, तळ नसलेलं पाणी अगदी नाकाशी आलं. मी ओरडलोसुद्धा नाही. तेव्हा साडूंनी मान वळवली. खांद्यावरून त्यांनी मला पाहिलं, माझे पांढरे पडलेले हात पाहिले. इतका वेळ त्यांचं सगळं लक्ष दोरीकडे होतं, माझ्याकडे त्यांनी त्या सकाळी पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं.

"काप रं, बाळू," ते म्हणाले. आवाज अगदी साधा. "ह्याला पोहता येत नाय."

बाळूनं सुरी फिरवली. दोरी इतकी ताणलेली होती की नुसती टेकताच तुटली. आम्ही तिघंही होडीच्या तळाला एकमेकांवर कोसळलो. तो पर लांबवर एकदा दिसला आणि गेला. मग इंजिन आपलं आपण सुरू झालं आणि नाखवानं समुद्राला हात जोडले. मी साडूंचे पाय अजून सोडलेले नव्हते, ते त्यांनीच हळूहळू सोडवून घेतले.

अलिबागला डॉक्टरांनी हात वाचवला. अंगठ्याची आतली शीर मात्र गेली, तो आता वाकत नाही. ताई देव पाण्यात घालून बसली होती, तिनं दारातच विचारलं, "काय होतं एवढं?" मी हात पसरून सांगायला लागणार, तर साडू म्हणाले, "होतं एक पिल्लू." मी हात खाली घेतले.

अंगठ्याशिवाय निरगाठ बसत नाही. साडू अजून बांधतात, जीभ दातांत धरून अगदी मन लावून बांधतात, पण पहिल्या गतिरोधकाला गाठ सुटते. मागं चौक गावच्या नाक्यावर त्यांच्या पिशवीतली वांगी रस्ताभर पसरली. मी गोळा केली आणि माझ्या ओबडधोबड हातांनी पिशवी पुन्हा बांधली. ते तेवढा वेळ दुसरीकडे, डोंगराकडे पाहत उभे राहिले. घरात या विषयावर कुणी चकार शब्द काढत नाही. ताईनं बाजारातून चेन लावायच्या पिशव्या आणल्या आहेत, कारण विचारलं तर म्हणते, स्वस्त मिळाल्या. मला मात्र चांगलंच वाईट वाटतं. माझ्या जिवासाठी त्यांनी कापू दिली ती नुसती दोरी नव्हती, हे मला कळतं.

यंदा होळीला ती दोघं आमच्याकडे आली. चहा घेता घेता साडूंनी नेहमीप्रमाणे माळ्याकडे पाहिलं आणि एकाएकी म्हणाले, "काढ ते बोचकं." मी काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. धुळीनं चादरीचा रंग गेला होता, पण गाठ होती तश्शी. त्यांनी डाव्या हातानं ती दाबून पाहिली, मग उजव्या हाताची बोटं लावली. ताठ अंगठा नुसताच बाजूला उभा राहिला. बराच वेळ खटपट करून त्यांनी हात मागं घेतला. "काप, साडूभाऊ," ते म्हणाले. "सुनीला पुरणयंत्र लागंल."

मी सुरी आणली. गाठीला लावली. आणि काही केल्या माझा हात पुढं जाईना. इतकी वर्षं त्या बोचक्यावर कात्री परजणाऱ्या माझ्या बायकोनं ती सुरी माझ्या हातातून काढून घेतली. "राहू द्या," ती म्हणाली, "पुरण मी पाट्यावर वाटते." आणि पदर खोचून स्वयंपाकघरात निघून गेली.

साडू गाठीवरची धूळ बोटानं पुसत बसले. थोड्या वेळानं त्यांनी वर पाहिलं.

"सुटत नाय ना?" त्यांनी विचारलं.

"नाय सुटत," मी म्हणालो.