सावडीने केलेले धडे

विश्रामबागेतल्या आमच्या ऑफिसात मी प्रशिक्षणाचं ॲप बनवत होते. लोणंदच्या एका कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या बायकांना मशिनवर घ्यायचं होतं, त्यासाठी. उत्तर चुकलं की पुढचा धडा सोपा, बरोबर आलं की अवघड. प्रत्येकीला तिच्या तिच्या चालीने शिकवणार, असं मी छाती फुगवून सांगत फिरायचे. त्या बायकांत माझी वहिनीही होती. ॲपवर एकदाच होणाऱ्या परीक्षेत पास झाली तर मशिनवर कायम, नाहीतर घरी, असं कारखान्याने सांगूनच टाकलं होतं. दादा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्याच पगारावर चालायचं.

माझ्या स्क्रीनवर सगळ्याजणी भराभर वर चढत होत्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी लोणंदला गेले, तर जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचे मोबाईल एकीच्या पुढ्यात, आणि ती एकटी टकाटक उत्तरं दाबतेय.

"वहिनी, हे काय चाललंय?"

"आवं वन्सं, सावड केलीया आमी," वहिनी कौतुकाने म्हणाली. "भांगलणीला न्हाई का, आज तिच्या रानात, उद्या माझ्या? तसंच. तिला लय जमतंय, ती समद्यांचं करती. तिचं पॅकिंग आमी उरकतो."

ॲपला वाटत होतं, वहिनीला सगळं येतंय. आणि तिला मशिनचं लाल बटण कशाला असतं, तेही ठाऊक नव्हतं! मॅनेजरच्या हातापाया पडले, पण तारीख हलली नाही. प्रश्न तरी सोपे करा म्हणून ऑफिसात फोन केला, तर ते जिच्या तिच्या ॲपवरच्या पातळीप्रमाणे आधीच बसवून झालेले. संध्याकाळी मीच तिला शिकवायला बसले. मधेमधे उठून दादाचं औषधपाणी करून ती परत यायची, मी ओरडायचे, ती मान हलवायची. मी इतकी घाबरले होते की मलाच धड सांगता येईना.

परीक्षेला एकेकीला आत घेत होते. काचेतून मला दिसत होतं. वहिनीने पहिला प्रश्न वाचला आणि सवयीने मोबाईल शेजारी सरकवला. शेजारी कुणी नव्हतं. मग ती हात मांडीवर ठेवून तशीच बसून राहिली.

ती नापास झाली. एकही उत्तर बरोबर न आल्यावर ॲपने तिला पार पहिल्या धड्यावर आणून सोडलं. दोन दिवसांनी घरी गेले तर दादाच्या उशाशी बसून ती तोच धडा मन लावून करत होती.

"वन्सं, आता कळाय लागलंय बगा," ती म्हणाली. "लाल बटण मशिन थांबवायचं. पुढची परीक्षा कवा हाय?"