शुक्रवारचा तक्ता

नव्वदीच्या दशकात आम्ही अबू धाबीतल्या अल ऐनला राहत होतो, तेव्हा दर शुक्रवारी सकाळी मी आमच्या हॉलमध्ये इंग्रजी शिकवत असे. मला कोणी शिकवा म्हटलं नव्हतं. मी एका कंपनीच्या स्टोअरमध्ये पाइप आणि नट-बोल्ट मोजून देणारा माणूस. साहेबासमोर माझं इंग्रजी 'यस सर' आणि 'इन्शाल्ला' यांच्या पुढे फारसं जात नसे. पण घरी हातात स्केचपेन आलं, की माझ्या अंगात हेडमास्तर संचारायचा.

विद्यार्थिनी तीन होत्या. एक माझी बायको. दुसऱ्या, शेजारच्या व्हिलात राहणाऱ्या भाभी. मूळच्या रत्नागिरीच्या, मिस्टरांचा मासळीचा धंदा. तिसरी एका कॉन्ट्रॅक्टरची तरुण बायको. तिच्याबरोबर तिच्या सासूबाईही येत. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता, पण चहा-चिवडा वेळेवर मिळायचा, त्यामुळे हजेरी सगळ्यांत चांगली त्यांचीच.

मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चार खाने आखून तक्ता केला होता. पहिल्या खान्यात 'आय वॉण्ट'. दुसऱ्यात यू, हिम, हर, अस, देम. तिसऱ्यात क्रियापदं, प्रत्येकाच्या आधी 'टू' लावून: टू गो, टू ईट, टू सिट, टू स्टे. चौथ्यात विथ मी, विथ देम, इन द कार, अ‍ॅट होम, टू इंडिया असले तुकडे. प्रत्येक खान्यातला एकेक तुकडा उचलायचा, वाक्य वहीत लिहायचं आणि मोठ्यानं वाचायचं. मग मी लाल पेननं बरोबरची खूण करणार, नाहीतर फुली मारणार. "आपल्याकडे 'त्यानं जावं' म्हटलं की भागतं," मी सांगायचो, "इंग्रजीत मात्र रांग लावावी लागते. कोणाला हवंय, कोणी करायचं, काय करायचं, कुठे किंवा कोणाबरोबर. रांग मोडायची नाही." हे सांगताना मी चष्मा पुसत असे. चष्मा स्वच्छच असायचा.

भाभींनी पहिल्याच दिवशी झटक्यात वाक्य केलं. "आय वॉण्ट हिम टू ईट विथ देम इन द हॉटेल." त्यांचे मिस्टर दर शुक्रवारी न सांगता चार-पाच जणांना जेवायला घरी आणत, हे आख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी म्हणालो, "व्हेरी गुड. दोन-दोन तुकडे जोडलेत." आणि खूण केली.

कॉन्ट्रॅक्टरच्या बायकोनं खाली मान घालून वाचलं, "आय वॉण्ट हर टू गो टू इंडिया." तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंना तेव्हा येऊन आठवा महिना चालू होता. त्या सोफ्यावर चिवडा खात कौतुकानं म्हणाल्या, "किती छान बोलते हो आता!" मी त्या वाक्यालाही खूण केली. बायका तक्त्यातून काय काय बोलून घेतायत ते मला कळत होतं. दुसऱ्यांच्या घरातलं मला नेहमीच चटकन कळतं.

त्या वर्षी एका सकाळी साहेबानं मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाला, "आय वॉण्ट यू टू गो टू रुवैस." वाक्य अगदी माझ्या तक्त्यातलं! खरं सांगतो, अर्थ डोक्यात शिरायच्या आधी मला आनंद झाला. मग अर्थ शिरला. रुवैस म्हणजे पार पश्चिमेला, रिफायनरीचं गाव, गाडीनं चार तास. तिथे आम्हाला फक्त बॅचलर अकोमोडेशन, म्हणजे लग्न झालेल्या पाच-सहा पुरुषांची एक खोली. अल ऐनचा फ्लॅट कंपनी महिन्याभरात काढून घेणार होती. मी म्हणालो, "यस सर."

घरी जेवताना मी सांगून टाकलं. "मी ठरवलंय. तुम्ही दोघी सांगलीला जा. तिकिटांचं मी पुढच्या शनिवारी बघतो."

बायको म्हणाली, "बरं," आणि मला आमटी वाढली. आमची नऊ वर्षांची मुलगी ताटातून मान वर करून म्हणाली, "डिड यू आस्क आई?"

"तू जेव," मी म्हणालो. मला तरी कोणी विचारलं होतं? मग मी कोणाला आणि का विचारायचं, असा माझा हिशेब होता. तो हिशेब मला त्या दिवशी फार मर्दानी वाटला होता. आज लाज वाटते.

पुढच्या शुक्रवारी वर्ग भरला. बायकोची पाळी आली. तिनं वही धरली आणि तक्त्याकडे न बघता, माझ्याकडे बघत वाचलं, "आय वॉण्ट यू टू आस्क मी."

मी हेडमास्तर. मी म्हणालो, "चौथा खाना राहिला. कुठे? कधी? वाक्य असं लोंबकळत ठेवायचं नाही."

ती म्हणाली, "अ‍ॅट होम. बिफोर द तिकीट."

"आणि 'आस्क' कुठून आणलंस? तक्त्यात आहे का? तक्त्यातलंच घ्यायचं, किती वेळा सांगितलंय?" मी तिची वही ओढली आणि लाल फुली मारली. चांगली ठसठशीत मारली.

कोणी हसलं नाही. सासूबाईंनीही चिवडा चावायचा थांबवला. वर्ग सुटल्यावर भाभी दारात चपला घालता घालता म्हणाल्या, "मास्तर, एक बोलू? आज ती सबक म्हणून वाचत नव्हती. तुमच्याशी बोलत होती."

त्या गेल्या. मी तक्ता गुंडाळून ठेवला. बायको स्वयंपाकघरात कप विसळत होती. अकरा वर्षांच्या संसारात मी तिला चहा विचारला होता, किल्ली विचारली होती, इस्त्रीचा शर्ट कुठे ते विचारलं होतं. आता दाराच्या चौकटीला धरून मी म्हणालो, "तुला काय वाटतं? सांगलीला जायचंय का?"

तिनं नळ बंद केला. हात पुसले. "नाही," ती म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं. भाभींच्या व्हिलातली मागची खोली रिकामी आहे, भाभींनी मिस्टरांना विचारून ठेवलंय. मुलीच्या शाळेत केजीच्या वर्गाला मदतनीस हवी आहे. मागच्या महिन्यात तिची मुलाखत झाली, इंग्रजीतून, आणि त्यांनी होकार कळवलाय. मी गुरुवारी दुपारी रुवैसहून निघालो तर संध्याकाळी अल ऐनला पोचेन. रस्ताही तिनं भाभींच्या मिस्टरांना विचारून घेतला होता. सगळ्यांना सगळं विचारून झालं होतं.

तिला इंग्रजी यायला लागलं होतं, आणि ते तिच्या मास्तरलाच माहीत नव्हतं. मला भरून आलं, आणि तसं झालं की मी चिडतो. म्हणून जरा आवाज चढवूनच म्हणालो, "मग हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगायलाच उभी राहिले होते मघाशी," ती म्हणाली. "तुम्ही फुली मारलीत."