भुऱ्याचा डोळा

मेडशीच्या कस्तुराबाईच्या घरात औषध कधी संपत नाही. उरलेली अर्धी गोळी, चिमूटभर मलम, तळाशी गेलेली खोकल्याची बाटली, सगळं ती जपून ठेवते आणि शेजारीपाजारी न मागता वाटते. डॉक्टरकी अंगातच मुरलेली. नवऱ्याचं, जगदेवचं, पोट तिनं एकदा असं बरं केलं की पुढे तो बिचारा दुखणंच सांगेनासा झाला.

तिचा खरा जीव मात्र भुऱ्या कुत्र्यावर. तुरीच्या खुंटांत उंदरामागे धावताना त्याच्या डोळ्यात काडी घुसली, डोळा लाल होऊन गळू लागला. कस्तुराबाईकडे स्वतःच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे थेंब उरलेलेच होते. तिनं ते मायेनं घातले. आधी लाली उतरली, बाई खूश. मग डोळ्यावर साय धरावी तसा पांढरा डाग चढला आणि भुऱ्या खाटेखाली अंधारात बसू लागला.

तालुक्याला जनावरांच्या डॉक्टर सुकेशनीताईंनी डोळ्यात हिरवा रंग सोडला, तशी जखम उजळून दिसली. डोळा बधिर करून त्यांनी जखमेची कड हलकेच खरवडली, काचेवर पसरली आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिली. कस्तुराबाईलाही दाखवली. बारीक धागेच धागे.

“बुरशी आहे, आजी. काडीसोबत आत गेली. घरी काय घातलं?”

तिनं बाटली पुढे केली.

“हे औषध सूज उतरवतं, पण बुरशीला मोकळं रान देतं.”

“म्हंजे म्याच त्याचा डोळा घालवला?”

“अजून गेला नाही. हे बुरशीचे थेंब दर दोन तासांनी घाला. चुकवू नका.”

परतीच्या ऑटोत कस्तुराबाई भुऱ्याला मांडीवर घेऊन ढसाढसा रडली. मग पदर खोचला. डोळा खाजवू नये म्हणून जगदेवनं तेलाची कॅन कापून त्याच्या गळ्यात अडकवली. तिनं निंदण सोडलं, बहिणीच्या घरचं लग्न सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातून एक औषध शेवटच्या थेंबापर्यंत संपलं, आणि दुसरी बाटलीही.

दीड महिन्यानं दोघांनी भुऱ्याला पुन्हा तालुक्याला नेलं, तर हिरवा रंग डोळ्यात कुठेच धरेना. जखम भरली होती, पुसट ठिपका तेवढा राहिला. पण दिसतं का, हे कळायचं होतं. डॉक्टरांनी भुऱ्याचा चांगला डोळा तळव्यानं झाकला आणि दुसऱ्यासमोर कापसाचा बोळा अलगद सोडला. भुऱ्याची मान बोळ्यामागे खाली गेली.

“अजून एकडाव टाका ना, बाई.”

त्यांनी टाकला. या खेपेला भुऱ्यानं बोळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या एका डोळ्यानं तो कस्तुराबाईच्या तोंडाकडे बघत बसला.

“मले पाहून राह्यला तो,” ती जगदेवला म्हणाली.